अप्पा उत्तम स्थितीत आहेत

आमच्या कार्यालयातल्या प्रिंटरला सगळे अहो-जाहो करतात. मी करत नाही, आणि मरेपर्यंत करणार नाही.

"अप्पा जरा बसलेत." "अप्पांनी सकाळपासून कागद घेतला नाही." "आज अप्पांना घाई करू नका, दमट हवा त्यांना मानवत नाही." मी बढतीवर अधीक्षक म्हणून तिथे रुजू झाले, तेव्हा पहिले काही दिवस माझी अशी समजूत होती की अप्पा हे कुणी वयस्कर कारकून असावेत. मला त्यांच्याविषयी सहानुभूतीही वाटली होती. दमट हवा मलाही मानवत नाही. मग एके दिवशी शिपायाने मला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं, मळका टॉवेल अलगद बाजूला केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, हे अप्पा."

टॉवेलखाली ट्रंकेएवढं एक पिवळट धूड बसलेलं होतं. कधीकाळी ते पांढरं असावं. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद त्याच्या पोटात एका बाजूने जायचा आणि दुसऱ्या बाजूने, मर्जी असेल तर, बाहेर यायचा. छापताना ते असं किंचाळायचं की समोरच्या खिडकीत उभ्या माणसाशी खुणांनीच बोलावं लागे. चालू करण्याआधी त्याच्या उजव्या कुशीवर थाप मारायची, झाकणावर पंचिंग मशीन ठेवायचं आणि छापून होईपर्यंत समोर उभं राहायचं नाही, अशी पद्धत होती. समोर उभं राहिलं की अप्पा संकोचतात, असं शिपायाचं म्हणणं. मी इतकी वर्षं नोकरी करते आहे, माझ्या समोर कोण उभं आहे म्हणून मला कधी काम थांबवायची सोय मिळालेली नाही.

तुम्ही म्हणाल, फेकून का दिलं नाही? कारण आमचं कार्यालय निवृत्त शिक्षकांची पेन्शन मंजूर करतं, आणि त्या आदेशाच्या तीन प्रती मध्ये कार्बन घालून एकाच दणक्यात निघाल्या पाहिजेत असा नियम आहे. नवे प्रिंटर कागदावर शाई हळुवार सोडतात, खालच्या कागदाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. हा मात्र ठोकतो. डोक्यातल्या बारीक सुयांनी रिबिनीवर टोचून टोचून तीन कागदांतून आरपार अक्षर उमटवतो. म्हणून त्याला मरण नाही. जो येतो तो त्याच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य बोलतो, "असं मशीन आता होत नाही." हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडते. होत नाही कारण लोक शहाणे झाले!

तर अशा त्या कार्यालयात एका सोमवारी माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरे बूट, ताठ पाठ, हातात गुंडाळी केलेला कागद.

"तू तीच ना गं," त्या म्हणाल्या, "कवायतीला उशिरा येऊन मागच्या रांगेत घुसायचीस ती?"

शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या व्यायामाच्या बाई! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. उठायचं असं मी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उठले. मागे शिपाई, शेजारी दोन कारकून आणि टेबलावर 'अधीक्षक' अशी पाटी.

"बस," बाई म्हणाल्या. मी बसले. "हे वाच. मोठ्याने."

मी कागद उलगडला. तो त्यांच्या पेन्शनचा आदेश होता. आदेशाचा मजकूर आम्हाला सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळे कुणी तो कधी वाचत नाही. सही करणारे साहेबही वाचत नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा, बाई समोर उभ्या असल्यामुळे, अक्षर न् अक्षर वाचला. 

त्या कागदावर शिरोरेषेच्या वरचं काहीही नव्हतं. मात्रा नाहीत, अनुस्वार नाहीत, रफार नाहीत. वेलांटी पहिली असो की दुसरी, उरलेली नुसती काठी. अप्पाच्या डोक्यातल्या वरच्या सुया तुटल्या होत्या, आणि तो प्रत्येक ओळीचं टक्कल करून सोडत होता. बाईंची सेवा 'सवा' झाली होती, वेतनाचं 'वतन' झालं होतं. हे एक वेळ चाललं असतं. पण जिथे त्यांना पेन्शन 'मंजूर' करण्यात येत होती, तिथे छापलं होतं 'मजूर'.

"बँकेतला तो चष्मेवाला मला विचारतो," बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही शिक्षिका की मजूर? आणि मी आजी कुणाची? माझी पेन्शन अडली आहे. घरभाडं आहे, भावाची औषधं आहेत. तो गेलं वर्षभर अंथरुणावर आहे. मी पळू शकते, त्याला उठताही येत नाही."

त्या हे रडत सांगत नव्हत्या. शिट्टी फुंकायच्या आधी मुलींना नियम समजावून सांगायच्या, त्याच सुरात सांगत होत्या. मला ते जास्त लागलं.

"उद्या देते बाई," मी म्हणाले.

"उद्या नक्की?"

"नक्की."

इथून माझ्या अब्रूचे धिंडवडे सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी आदेश पुन्हा छापला, पुन्हा टक्कल. मग मी पेन घेतलं आणि जिथे जिथे मात्रा, वेलांटी, अनुस्वार हवा होता तिथे हाताने घातला. तिन्ही प्रतींवर. बँकेने कागद परत पाठवला, 'खाडाखोड ग्राह्य नाही. प्रत्येक दुरुस्तीवर सही आवश्यक.' मी प्रत्येक दुरुस्तीवर सही केली. एकेका अनुस्वाराला माझी सही! बाई पुन्हा बँकेत गेल्या आणि पुन्हा परत आल्या. चष्मेवाला म्हणाला होता, सह्या दिसतायत, आदेश कुठे आहे?

मग म्हटलं, सरळ हाताने लिहून देऊ. शुद्ध, वळणदार. तर साहेबांनी परिपत्रक पुढे केलं. हस्तलिखित आदेश काढू नयेत, असं वरिष्ठ कार्यालयातल्या मोठ्या साहेबांच्या सहीचं. आमचे साहेब हे स्वभावाने वाईट नाहीत. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट घडलेली आवडत नाही.

"मॅडम, अप्पांना थोडा वेळ द्या," ते म्हणाले. "या वयात होतं असं."

"साहेब, बाईंचं वय अप्पापेक्षा जास्त आहे. त्यांना कोण वेळ देणार?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. अवघड प्रश्न आला की ते खिडकीबाहेर पाहतात. तिथे भिंत आहे.

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. माझा आवाज थोडा चढला असेल. तो म्हणाला, "तू आधी शांत हो." ज्या माणसाने हे वाक्य शोधून काढलं, त्याला कधीतरी शांत करायची माझी इच्छा आहे. आवाज जिन्यातून वर गेला आणि वरचे काका खाली आले. काका विजेच्या खात्यातून निवृत्त झालेत, पण विजेने अजून त्यांना सोडलेलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. सुया तुटल्या नसतील, शाईने चिकटल्या असतील. डोकं काढायचं, स्पिरिटमध्ये बुडवायचं, वाळवायचं, लावायचं." खालच्या वहिनी पायरीवर उभ्याच होत्या. त्यांचं म्हणणं, स्पिरिट नको, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्या, त्यांच्या भाच्याचा मोबाइल त्याने सुरू झाला होता. काका म्हणाले, मोबाइल आणि प्रिंटर यांत फरक असतो. वहिनी म्हणाल्या, यंत्र ते यंत्र. दोघांचं भांडण जुंपलं. नंतर दोघंही एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि त्याचं कारण मी आहे असं दोघंही लोकांना सांगतात.

मी दोन्ही केलं. माणूस बुडायला लागला की काहीही धरतो. स्पिरिट नेलं, केसांचं यंत्र नेलं, दार लावून अप्पाचं डोकं काढलं. बाहेर शिपाई कासावीस होऊन फेऱ्या मारत होता. सगळं करून पुन्हा बसवलं आणि छापलं, तर वरच्या मात्रा आल्या नाहीतच, उलट खालचे उकारही पुसट झाले. आणि खोलीभर असा वास सुटला की एक निवृत्त मुख्याध्यापक दारातूनच परत गेले. शिपायाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम," तो म्हणाला, "अप्पांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती."

त्या दिवशी मी ठरवलं, आता दुरुस्ती नाही. आता याला निकामी ठरवायचं.

प्रस्ताव लिहिला. प्रस्तावही तीन प्रतींत जातो, म्हणजे छापणार कोण, तर हाच. मी म्हटलं, उत्तम, याचा पुरावा याच्याच तोंडून. मुद्दाम एकही टिंब हाताने घातलं नाही. शेवटी विनंती होती, 'सदर प्रिंटर निकामी झाला असून त्याच्या जागी एक नवा मंजूर व्हावा.' इतक्या वर्षांत कधी वेळेत उत्तर न देणाऱ्या वरिष्ठ कार्यालयाचं उत्तर आठवड्याच्या आत आलं. उत्तराबरोबर एक माणूसही आला. खांद्यावर कुदळ, हातात आदेश. आदेश स्वच्छ छापलेला होता. 'आपल्या मागणीनुसार एक नवा मजूर पाठविण्यात येत आहे.'

प्रिंटर या शब्दाचं टक्कल झाल्यावर तो काय आहे हे तिथे कुणाला कळलं नसणार. जे कळलं ते त्यांनी दिलं.

"काय खणायचंय?" मजुराने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "तुम्ही परत जा."

"परत जायचा आदेश दाखवा."

तो माझ्याकडे नव्हता. मजूर खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला, म्हणजे निवृत्त शिक्षकांसाठी ठेवलेल्या एकुलत्या एका धड खुर्चीवर. मी म्हटलं, बसलाच आहात तर हा प्रिंटर उचलून अडगळीच्या खोलीत ठेवा. पुढचं मी बघते. त्याने आदेश नाकासमोर धरून पुन्हा वाचला. "यात नुसतं मजूर लिहिलंय. उचलणे असं नाही लिहिलं. पाठीत लचक भरली तर तुम्ही याल का?" शिपायाने त्याला चहा दिला. शिपायाला तो माणूस फार आवडला.

बाई दर एक-दोन दिवसांनी येतच होत्या. खुर्ची अडवलेली, म्हणून उभ्याच राहत. एकदा मजुराकडे बघून म्हणाल्या, "हा कोण?"

"तुमच्यासारखाच, बाई," मी म्हणाले. "चुकून झालेला."

त्या हसल्या नाहीत. "भावाची औषधं आता शेजारच्यांकडून उसनी आणते," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यात कुणाकडून काठीसुद्धा उसनी घेतली नव्हती."

मी पर्स उचलली आणि थेट वरिष्ठ कार्यालय गाठलं. तिथे मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की तिथल्या बाकावर झोपलेला एक माणूस जागा झाला, उठला आणि मला जागा देऊन निघून गेला. परिणाम मात्र झाला. यंत्र विभागाचे तपासनीस अप्पाला पाहायला येणार असं ठरलं.

तपासनीस आले ते आले, आधी अप्पाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वा! असं मशीन आता होत नाही."

मी दात आवळले.

त्यांनी कुठलं तरी बटण दाबून धरलं. अप्पा किंचाळला आणि कागदावर इंग्रजी अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं अशी रांगच्या रांग उमटत गेली. स्वच्छ, ठसठशीत, एकाही अक्षराचा केस वाकडा नाही. शिपायाने टाळ्या वाजवल्या.

"बघा," तपासनीस म्हणाले.

"अहो, इंग्रजी अक्षरांना डोक्यावर असतं काय?" मी म्हणाले. "वरच्या सुया तिथे लागतातच कशाला? मराठी छापा! एकच शब्द छापा. मंजूर छापा!"

"मॅडम, चाचणी ही यंत्राच्या आतलीच घ्यायची असते. बाहेरचा मजकूर चाचणीत धरत नाहीत."

"पण आम्ही बाहेरचाच मजकूर छापतो! यंत्राच्या आतली पेन्शन कुणाला मंजूर करायची आहे?"

"मजकुराची तक्रार असेल तर मजकूर विभागाकडे करा," असं म्हणून त्यांनी त्याच टेबलावर प्रमाणपत्र लिहिलं. यंत्र उत्तम स्थितीत आहे. खाली शेरा मारला, की इतक्या जुन्या यंत्राची अशी निगा राखल्याबद्दल कार्यालय प्रशंसेस पात्र आहे.

माझा हात अप्पावर उगारला गेला होता, हे मी नाकारत नाही. पण मध्ये मजूर उभा होता. अप्पाला उचलायला पाठीचं निमित्त सांगणारा माणूस त्याला वाचवायला मात्र चपळाईने आला.

आता तुम्हाला वाटेल की याहून वाईट काय होणार. प्रशंसा हा शब्द आमच्या साहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच आपल्याविषयी वाचला होता. ते दोन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरले आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "आपण अप्पांचा गौरव समारंभ करू. मोठे साहेब यायला तयार आहेत. त्यांना एक मानपत्र देऊ. आणि गंमत म्हणजे, ते मानपत्र अप्पांवरच छापू!"

"साहेब," मी म्हणाले, "छापा. पण देण्याआधी कृपा करून एकदा वाचा."

"मजकूर मीच लिहिलाय."

"म्हणूनच म्हणते, तुम्हाला पाठ असणार. अक्षर न् अक्षर वाचा."

"मॅडम," साहेब उसासा टाकून म्हणाले, "यंत्र उत्तम असल्याचं लेखी आहे. तुमचं सगळ्याच बाबतीत हे असं नकारात्मक... घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक आहे ना! पुरुष चिडला की तो करारी असतो. बाई चिडली की तिच्या घरी काहीतरी असतं. मी काही न बोलता बाहेर आले. बोलले असते तर तेही मजकूर विभागाकडे पाठवावं लागलं असतं.

समारंभाच्या दिवशी अप्पाला नवा टॉवेल आणला होता. समोर खुर्च्या, त्यांत मोठे साहेब, तपासनीस आणि आमचे कर्मचारी. मजूर पहिल्या रांगेत. आमच्या साहेबांनी मोठ्या साहेबांच्या हातात मानपत्राची वरची प्रत दिली, आपण खालची घेतली आणि वर न बघता, सुरेल आवाजात, पाठ असलेला मजकूर म्हणायला सुरुवात केली. मोठे साहेब हे सावध गृहस्थ. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत ते कागद वाचू लागले. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"थांबा," ते म्हणाले. आमचे साहेब सुरातच थांबले. "हे काय लिहिलंय?"

"मोठे साहेब असं लिहिलंय, सर. आमचे मोठे साहेब."

"मला तसं दिसत नाही." आणि त्यांनी भर सभेत, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "आमच. माठ. साहब."

मग मागे कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं आणि ते त्याला साधलं नाही. मोठ्या साहेबांचे कान तांबडे झाले.

"माठ?" ते म्हणाले. "मी माठ?"

"नाही सर! ते यंत्राने..."

"यंत्र उत्तम स्थितीत आहे ना?" मोठे साहेब तपासनिसांकडे वळले. "तुम्हीच लिहून दिलंय. मग हे लिहिलं कुणी?"

तपासनीस म्हणाले, हा मजकुराचा प्रश्न आहे. आमचे साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. आणि मी उठले. या वेळी पाय आपोआप उठले नव्हते.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्हाला एका कागदावर एकदा माठ म्हटलं तर तुमचे कान तापले. माझ्या शाळेतल्या बाईंना हे यंत्र कित्येक आठवडे मजूर म्हणतंय, आणि त्यांची पेन्शन त्यावर अडली आहे. मी टिंबं घातली, सह्या केल्या, प्रस्ताव पाठवला, त्यावर तुमच्या कार्यालयाने हा गृहस्थ पाठवला." मजुराने बसल्या बसल्या नमस्कार केला. "हाताने लिहून द्यायचं म्हटलं तर तुमचंच परिपत्रक आडवं येतं. अप्पाचा गौरव नंतर करा. आधी बाईंना एक कागद द्या, ज्यावर मंजूरला मंजूर लिहिलेलं असेल!"

"कुठे आहेत त्या बाई?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

दारातून पांढरे बूट आत आले. "मी इथेच आहे," बाई म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या मानपत्राकडे. मग शाईचं पेन काढलं, परिपत्रकाचा अंमल स्थगित अशी एक ओळ खरडली, तीन कागदांत कार्बन घालायला लावला आणि स्वतःच्या हाताने बाईंचा आदेश लिहिला. 'मंजूर'वर त्यांनी वाटाण्याएवढं टिंब दिलं. पेनाची टोपी लावून ते उठणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बसा. बाहेर अजून आहेत."

"अजून कोण?"

"मजूर," बाई म्हणाल्या.

मी दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्यात भिंतीच्या कडेने रांग होती आणि ती जिन्याच्या वळणापलीकडे गेली होती. वयस्कर माणसं, हातात गुंडाळलेले, घड्या घालून घालून मऊ झालेले कागद. आज ना उद्या पेन्शन सुरू होईल म्हणून बाई बँकेच्या फेऱ्या मारत होत्या, तेव्हा त्यांना एकेक करून हे सगळे भेटले होते. कुणी भूगोलाचे, कुणी शिवणाच्या. काहींचे आदेश मी रुजू होण्याच्याही आधीचे. बँकेने परत पाठवलं म्हणून ते घरी गेले होते आणि गप्प बसले होते. बाईंनी त्यांना हाताने धरून आणलं होतं आणि उंचीप्रमाणे उभं केलं होतं.

मोठे साहेब बसले. दुसरा इलाज नव्हता. त्यांनी दुपारभर लिहिलं. मी शेजारी उभी राहून कार्बन लावत होते, आणि मात्रा राहिली की पेन्सिलीने दाखवत होते. मध्ये त्यांनी बोटं चोळत विचारलं, उरलेले उद्या लिहिले तर? बाई म्हणाल्या, "रांग मोडायची नाही." त्यांनी पुढचा कागद ओढला. आमच्या साहेबांना शाई भरायचं काम दिलं होतं. अप्पाला हलवायचा लेखी आदेश मिळाल्यावर मजुराने शिपायाला दुसऱ्या बाजूने धरायला लावलं आणि दोघांनी ते धूड उचलून अडगळीच्या खोलीत नेलं. शिपायाचे डोळे भरून आले होते. मोडीत मात्र ते आजही काढता येत नाही, कारण दप्तरी ते उत्तम स्थितीत आहे.

रांगेत अगदी शेवटी एक चित्रकलेचे सर होते. कृश, स्वच्छ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्यांनी आपला आदेश दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ अक्षरांचं वळण पाहत राहिले.

"तुम्ही तक्रार का नाही केली, सर?" मी विचारलं.

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल," ते म्हणाले. "फॉर्म भरताना. माझी लेक म्हणाली पुन्हा जा, पण म्हटलं, कशाला लोकांना त्रास. तिने नोकरीची जास्तीची वेळ धरली, तेवढ्यात भागत होतं."

किती दिवस भागत होतं हे मी विचारलं नाही. ते कळल्यावर मी त्या खोलीत कुणाला तरी काहीतरी बोलले असते, आणि त्यातले बरेचसे अजून माझे वरिष्ठ होते. मी सरांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. पहिल्या पायरीवर ते थांबले.

"यात काही चूक निघाली तर पुन्हा यावं लागेल ना?"

"तुम्ही येऊ नका," मी म्हणाले. "नुसता निरोप पाठवा. मी घरी आणून देईन."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"रागावलात का, बाई?"

"हो," मी म्हणाले. "पण तुमच्यावर नाही."